शेंदराखालचं लेकरू

६ जानेवारी, सोमवार

दोनशे चौदा फोटो! वाकून वाकून कंबरेचे टाके ढिले झाले, पण काढले.

पालमच्या अलीकडे एसटीतून उतरले आणि वाडीपर्यंत चालत गेले. पंचवीस-तीस घरं, मेंढ्यांचे वाडे, आणि लिंबाखाली सटवाई. सटवाई म्हणजे शेंदराचा हातभर उंच गोळा. वर दोन चांदीचे डोळे चिकटवलेत, बाकी नाक नाही, तोंड नाही. आतल्या दगडात काय कोरलंय ते आज जिवंत असलेल्या कुणीही पाहिलेलं नाही.

पूजा बानूबाई करतात. सत्तरीच्या पुढच्या, पण हात भराभर चालतात. मी गेले तेव्हा कणकेचे दिवे करत बसल्या होत्या. गोळा घ्यायचा, अंगठ्यानं खळगा पाडायचा, दिवा तयार. बोलता बोलता मी म्हटलं, "आजी, थोडासा शेंदूर खरवडून बघू का? नखाएवढा?"

त्यांनी दिवा खाली ठेवला. "तुजी कातडी सोलू का पोरी? नखाएवढी?"

चूक झाली. शेंदूर खरवडत नाहीत हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं, तरी तोंडातून गेलंच. पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदूर चढत जातो, त्याची जाड खोळ होते, आणि देवीच्या मनात येईल तेव्हा ती आपोआप गळते. तोवर थांबायचं. "माझ्या आजेसासूच्या येळंला बी गळली न्हाई," म्हणाल्या.

आमच्या प्रकल्पाच्या सरांचा संगणक-प्रोग्राम यासाठीच तर आहे. बाहेरचा आकार फोटोंवरून मोजायचा, शिकवलेल्या हजारो जुन्या मूर्तींशी ताडायचा आणि आत काय असेल त्याचं चित्र काढायचं. योगीराज सर त्याला 'आपला गडी' म्हणतात. जिल्ह्यातल्या शेंदूरवाल्या मूर्तींची यादी करायची, गड्याकडून चित्रं काढून घ्यायची, एवढंच माझं काम. मार्चमध्ये नोकरीला मुदतवाढ मिळाली तर पुढेही.

फोटो धूसर आले असतील तर? पुन्हा जायला तोंड नाही.

७ जानेवारी

धूसर नाहीत. तीनदा पाहिले.

११ जानेवारी, शनिवार

आई आणि लेकरू!!

गड्यानं चार दिवस घेतले आणि दुपारी चित्र दिलं. मांडी घालून बसलेली बाई, डाव्या मांडीवर मूल, उजव्या हातात आंब्याची डहाळी. नऊशे वर्षांपूर्वीची असावी. खात्री सत्त्याऐंशी टक्के. सत्त्याऐंशी! मला बी.ए.ला एवढे कधी पडले नाहीत.

सटवाई ही पोराबाळांची देवी. जन्मानंतर पाचव्या रात्री येऊन बाळाचं नशीब लिहून जाते. आणि शेंदराखाली खरंच लेकुरवाळी निघाली! गावानं आत काय आहे हे विसरूनही बरोबर तीच देवी पुजली. यावर माझा निबंध होऊ शकतो. यावर माझं नाव होऊ शकतं.

सरांना फोन केला. "छान. फार नाचू नकोस," म्हणाले. नाचतेय कुठे? उभ्या जागी थोडीशी.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

काय केलंस राजेश्री. काय करून बसलीस.

आधी नीट लिहून काढते.

काल परभणीत चित्र रंगीत छापून लॅमिनेट करून घेतलं. आज बायका वाण घेऊन सटवाईला ववसायला जमणार हे माहीत होतं, म्हणून मुद्दाम आजच गेले. मिरवायचं होतं ना! तिळगूळ झाला, हळदीकुंकू झालं, मग मी पिशवीतून चित्र काढलं. "ही बघा तुमची सटवाई. शेंदराच्या आत अशी आहे."

एकदम गलका. कुणी पदरानं चित्र पुसलं, कुणी त्यालाच कुंकू लावलं. बानूबाई लांबूनच बघत राहिल्या, मग जवळ आल्या आणि चित्रातल्या बाईच्या गुडघ्याला हात लावून म्हणाल्या, "रोज न्हाऊ घालते तर हितं टेकाड लागायचं. ते लेकरू हाय व्हय गं!" डोळे भरून आले होते त्यांचे. माझेही.

त्यांची सून दैवशाला, पाचवा महिना चालू आहे. याआधी दोन वेळा दिवस गेले आणि दोन्ही वेळा हाती काही लागलं नाही. ती चित्राकडे बघून हसली. "माज्यावानीच बसलीय की. ऐसपैस."

तेवढ्यात बानूबाईंचे मालक आले. मुंजाजीबाबा. सगळी वाडी त्यांच्या शब्दाबाहेर नाही. त्यांनी चित्र हातभर लांब धरलं, डोळे बारीक केले. त्यांचं बोट आईच्या तोंडावरून खाली आलं, मांडीवर थांबलं.

"म्याडम, ह्या लेकराचं मुंडकं कुठाय?"

आणि मी – हसत हसत, तोंडात तिळगूळ – म्हणाले, "ते मोडलेलं असणार बाबा. जुन्या मूर्तीत असतंच तसं."

एक बाई मागे सरकली. मग दुसरी. दैवशालाचा हात पोटावर गेला. बानूबाईंनी चित्र मुंजाजीबाबांच्या हातातून काढून घेतलं आणि पालथं ठेवलं.

कुणी रागावलं नाही. मला स्टॉपपर्यंत सोडायलाही आले.

१५ जानेवारी

आमच्या धंद्यात मोडकं म्हणजे जुनं आणि जुनं म्हणजे चांगलं. मला ते चित्र मिळाल्यापासून तीन दिवस झाले होते. शंभर वेळा पाहिलं असेन. आंब्याची पानं मोजली होती मी! लेकराला डोकं नाही हे दिसलं नाही असं नाही. दिसलं, आणि त्याचं काहीच वाटलं नाही. संग्रहालयात अर्धी दुनिया बिनमुंडक्याची असते.

त्यांनी मात्र एका नजरेत पाहिलं. देवीच्या मांडीवर मेलेलं लेकरू.

१९ जानेवारी, रविवार

सूरजचा फोन. दैवशालाचा नवरा, गंगाखेडच्या कारखान्यावर उसाचा टेम्पो चालवतो. आवाज साधा, जणू वाळू कधी पाठवता असं विचारतोय.

"म्याडम, बाबानं ठरिवलंय. भंगलेली देवी पुजू न्हाई. पुनवंला गंगंत सोडायलोत. तुमाला यायचं आसल तर या."

भंगलेली मूर्ती घरात नको, पूजेत नको, पाण्यात सोडायची. हे तर माझ्या आईच्या देव्हाऱ्यालाही लागू आहे. आमच्या घरचा टवका उडालेला गणपती मीच विसर्जन करून आले होते सातवीत.

मी म्हटलं, पण ते नुसतं चित्र आहे, सूरज. तो म्हणाला, "व्हय. पर तुमीच काडलं न्हवं?" मग म्हणाला – "दोन लेकरं गेली म्याडम. बाबा म्हनतो, म्हनूनच गेली. सातवा लागायच्या आत सोडायची."

गंगा म्हणजे इथं गोदावरी, आणि पुनव म्हणजे बारा फेब्रुवारी. आजपासून चोवीस दिवस.

२० जानेवारी

संगणकावर मूळ चित्र पुन्हा उघडलं. खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे: 'हे अनुमानित चित्र आहे. प्रत्यक्ष तपासणीशिवाय निष्कर्ष काढू नये.'

लॅमिनेशनवाला म्हणाला होता, मॅडम खालची पट्टी बसत नाही, कापू का?

मी म्हटलं, कापा.

२२ जानेवारी, बुधवार

आज एक गोष्ट केली, ती आधीच करायला हवी होती. गड्याला शिकवताना दाखवलेल्या मूर्तींचं फोल्डर उघडलं आणि त्यातल्या लेकुरवाळ्या वेगळ्या काढल्या. दोनशे बारा. एकेक फोटो मोठा करून पाहिला. सकाळी दहाला बसले ते चहाही विसरले.

दोनशे बारापैकी लेकराचं डोकं शाबूत आहे अशा – नऊ.

सगळ्या संग्रहालयातल्या, नाहीतर उघड्या माळावरच्या. उन्हापावसात उभ्या राहिलेल्या, पडलेल्या, ओढून नेलेल्या. अशा मूर्तीत सगळ्यात आधी तुटतं ते बाहेर आलेलं डोकं. म्हणजे गड्यानं जन्मात पाहिलेली जवळजवळ सगळी लेकरं बिनमुंडक्याची! त्या बापड्याला वाटलं, लेकरू असतंच असं. त्यानं सटवाईच्या आत पाहिलंच नाही. तो जे शिकला होता तेच त्यानं काढून दिलं. आणि त्याचे सत्त्याऐंशी टक्के 'आत बाई आहे' याचे आहेत. डोक्याबद्दल कुणी त्याला विचारलंच नाही. मीही नाही.

आणि सटवाई? तिच्यावर तर कितीतरी पिढ्यांचा शेंदूर आहे. ऊन नाही, पाऊस नाही, कुणाचा धक्का नाही. शाबूत असायची तर हीच शाबूत असेल ना!

किंवा नसेलही. शेंदूर लागायच्या आधीच तुटली असेल. मला काय माहीत. कुणालाच माहीत नाही.



२३ जानेवारी

सरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हे खरं. म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. पुढच्या वेळी शिकवताना दुरुस्ती करू. अहवालात तळटीप टाक."

मी म्हटलं, सर, ते मूर्ती नदीत सोडतायत.

"गावाच्या श्रद्धेत आपण पडायचं नाही."

पडायचं नाही! मी तर आधीच डोक्यावर पडलेय. खुर्चीवरून उठताना पुन्हा म्हणाले, "आणि हलवताना खोळ निघाली तर फोटो घे. आपल्याला पडताळणी मिळेल."

२६ जानेवारी, रविवार

वाडीवर गेले. शाळेतली पोरं झेंडावंदन करून परतत होती, हातात जिलेबी. मुंजाजीबाबा मेंढ्यांना पाला टाकत होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. दोनशे बारा, नऊ, उघडा माळ, शेंदूर. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मेंढरांच्या धंद्यातला माणूस, घाई त्यांना माहीतच नाही.

मग म्हणाले, "म्हंजी मशीन चुकलंय."

"चुकलं असेल, बाबा."

"आसंल न्हाई. छातीला हात लावून सांगा. लेकराला मुंडकं हाय का न्हाई?"

मी हात उचललासुद्धा. पण छातीपर्यंत नेता आला नाही.

"मग शक हाय. तुमाला शक, मला बी शक. येकडाव शक आला का त्या जागी हात जुळत न्हाईत म्याडम. मी काय देवीला वाईट म्हनंना. पर शकाच्या जागी सून बसवू का? सांगा, तुमी बसवाल तुमची भैन?"

राहू द्या म्हणावं, आणि उद्या दैवशालाला काही झालं तर? तिसऱ्यांदा? ते माझ्याकडेच बघतील. नुसतं बघतीलसुद्धा नाहीत, ते जास्त वाईट. मी मेंढ्यांपुढचा पाला सारखा करायला लागले. भेकड!

दैवशाला पाणी घेऊन आली. तांब्या देताना हळूच म्हणाली, "तुमी फोटो काडला न्हवता तवर झोप लागत हुती मला." चिडून नाही. माहिती दिल्यासारखं.

निघताना बानूबाई लिंबाखाली बसलेल्या दिसल्या. हातात उलथनं. मला बघून दचकल्या. त्यांनी उलथन्याची कड सटवाईच्या मांडीला लावलेली होती, मी म्हटलं होतं तेवढंच, नखाएवढं. खरवडा, खरवडा, मनात म्हणत होते. एक ओरखडा आणि सगळा निकाल!

त्यांनी उलथनं खाली ठेवलं.

"मुंडकं निगालं न्हाई तर ती गेली. आन् निगालं तर? मग म्या तिला सोलली की पोरी. पन्नास-साठ वर्सं जिनं संबाळलं तिला. दोनी कडून म्याच मेले."

मी त्यांच्याशेजारी बसून राहिले. एसटी चुकली.

३१ जानेवारी

तहसीलदारांच्या नावानं अर्ज लिहिला. प्राचीन कोरीव दगड, नोंद प्रकल्पात आहे, हलवण्यास मनाई व्हावी वगैरे. भाषा उत्तम जमली. तहसीलातून कुणी येईल, जीप येईल, मुंजाजीबाबांना बोलावतील. मूर्ती वाचेल. संग्रहालयात जाईल, काचेत. आणि दैवशालाला सातवा लागेल तेव्हा तिच्या डोक्यात एकच राहील – भंगलेली देवी सरकारनं जाऊ दिली नाही.

अर्ज फाईलमध्ये आहे. पाठवायचा की नाही उद्या ठरवते.

१ फेब्रुवारी

नाही ठरवलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बानूबाईंना फोन केला, सूरजच्या मोबाईलवर. त्यांना फोनवर बोलायची सवय नाही, ओरडून बोलतात. पूजा चालू आहे. "हाय तवर न्हाऊ घालायची. पावनी हाय म्हनून काय पारोशी ठिवायची?"

फोन झाल्यावर अर्ज काढून पुन्हा वाचला. तिसऱ्या परिच्छेदात एक अनुस्वार दिला. हे माझं शौर्य.

९ फेब्रुवारी, रविवार

अजून तीन दिवस. काल भाजीत दोनदा मीठ घातलं. कुलूप लावलं का बघायला जिन्यातून दोनदा परत आले. काळजी करायला मला कारण लागतच नव्हतं कधी, आता तर चांगलं भरभक्कम कारण आहे.

सरांचा मेसेज: 'बुधवारी जातेस ना? कॅमेरा चार्ज कर.'

अर्ज गेला नाही, हे इथं लिहून ठेवते. आता पाठवून उपयोगही नाही. हे वाक्य लिहिल्यावर जरा बरं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

१२ फेब्रुवारी, बुधवार. पौर्णिमा

सोडली.

सकाळी आठला वाडीवर पोचले. आधी बानूबाईंनी तिला कडकडीत पाण्यानं न्हाऊ घातलं. तेल लावलं. मग नवं हिरवं लुगडं काढून डोक्यापासून बुडापर्यंत घट्ट गुंडाळलं. जाताना देवीचं तोंड कुणी बघायचं नाही, अशी रीत. मग सूरजनं आणि आणखी दोघांनी पहारी लावल्या. दगड जमिनीत वीतभर गाडलेला होता. तिसऱ्या हिसक्याला आतून 'टक्' असा आवाज आला. मुंजाजीबाबांनी कानाला हात लावला.

टेम्पोत कडबा घातला, त्यावर तिला ठेवलं. बानूबाई शेजारी बसल्या, एक हात तिच्यावर. मी पुढे केबिनमध्ये. गंगाखेडपर्यंत रस्ता असा की प्रत्येक खड्ड्याला मला मागून बानूबाईंचा आवाज यायचा – "हळू रं. हळू. पोटुशी हाय ती." आपल्या सुनेबद्दल बोलत नव्हत्या. सून तर घरीच होती.

घाटावर नाव ठरवलेली होती. नावेत सूरज, मुंजाजीबाबा, नावाडी आणि बानूबाई. मी पायरीवर. दहा-बारा हातांवरच नाव थांबली, तिथं डोह आहे म्हणतात. दगडाला खालून दोर बांधला आणि अर्धी पाण्यात उतरवली. आता लुगडं काढायचं. देवी जाते, पण तिचं वस्त्र घरी माघारी आणायचं, नाहीतर घर उघडं पडतं. मुंजाजीबाबा ओरडले, "तोंडं फिरवा!"

कॅमेरा माझ्या हातात होता. चार्ज केलेला.

मी पाठ फिरवली.

सगळं आयुष्य उकरून बघण्यात गेलं, एकदा तरी बघू नको म्हटल्यावर बघू नये, असं वाटलं त्या क्षणी. त्यांची देवी, त्यांचं घर. मी महिनाभर जे बिघडवलं त्यात हे एवढं तरी नीट करावं. समोर एक बाई भांडी घासत होती ती तेवढी बघत राहिले. मागे पाण्याचा आवाज झाला, फार मोठा नाही. मग दोर पाण्यावर पडल्याचा.

वळले तेव्हा बानूबाईंच्या मांडीवर लुगड्याचं ओलं बोचकं होतं. दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. सूरज म्हणाला, आई आण इकडं, पिळून देतो. दिलं नाही. टेम्पोतही दिलं नाही. ओल्या लुगड्यानं त्यांचा सगळा पदर लाल झाला होता. मी हात पुढे केला, जड वाटतंय, धरू का? त्यांनी बोचकं आणखी जवळ ओढलं.

"ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "सवय हाय."

१३ फेब्रुवारी

सर: फोटो?

मी: नाही.

सर: म्हणजे?

मी: पाठ फिरवली होती, सर.

मार्चची मुदतवाढ गेली, हे मी आता धरूनच चालते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सूरजचा नंबर दिसला. फोन उचलायच्या आत मी काय काय पाहून घेतलं ते लिहीत नाही.

दैवशालाच्या पोटात रात्रीपासून दुखत होतं. गंगाखेडला दवाखान्यात नेलं. पण सगळं बरं आहे! बाळाचे ठोके नीट, डॉक्टर म्हणाले गॅस झाला होता. गॅस! मी खुर्चीत बसून वेड्यासारखी हसले. सूरजही हसायला लागला. मग मागून मुंजाजीबाबांनी फोन घेतला.

"म्याडम, आता फिकीर न्हाई. तुमच्या मशीननं आमच्यावर लय उपकार केलं. पोरगी रातच्याला गाढ झोपायलीय आता. देवी सोडली आन् घरावरला भार उतरला."

मी बरं बाबा, बरं बाबा एवढंच म्हणत राहिले. त्यांच्या मनात आता शक नाही. माझ्याच मनात काय तो आहे, आणि तो तिथंच राहिला तर कुणाचं काही बिघडत नाही. दैवशाला झोपतेय. हे खरं मोजमाप. बाकी काय होतं, नव्हतं, ते डोहात आहे.

बानूबाई कशा आहेत विचारलं. "हाय की. रिकाम्या खड्ड्यापशी दिवा लावती सांजच्याला. म्हातारीला कोन बोलावं."



२ मार्च, रविवार

बानूबाईंचा फोन. त्यांनी स्वतः लावलेला पहिलाच, शेजारणीच्या मोबाईलवरून. आणि आज ओरडत नव्हत्या, कुजबुजत होत्या.

त्या दिवशी लुगड्यात खोळ माघारी आली होती. पहारीचा हिसका म्हणा, रस्ता म्हणा, ती सुटली होती. पाण्यात लुगडं ओढलं तशी दगडावरून निघून अख्खी त्यांच्या हातात आली. सतरा दिवस कणगीमागे ठेवली, कुणाला सांगितलं नाही. काल खड्ड्यात बसवायला काहीतरी हवं म्हणून आतून तेलाचा हात फिरवला आणि कणीक भरली. आज वाळल्यावर उपडी केली, तर आतल्या मूर्तीचा अख्खा ठसा कणकेवर उठलेला.

"पोरी, लेकराला मुंडकं हाय. नाक हाय, डोळं हायेत. हसायलंय गं."

मग आवाज आणखी खाली गेला.

"सुनंला सांगू का नको?"